कपावरची टिंग

थोरलीनं आपल्या देशात अकरा वर्षं गणित शिकवलं होतं आणि वर्गातल्या मत्सरी मुली तिला दारातूनच ओळखू यायच्या. दुसरीची वही तपासून होईपर्यंत टेबलापासून हलत नाही ती एक. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करते ती दुसरी. आणि "बाई, ती बघा ना" म्हणत दिवसभर स्वतःच तिच्याकडे बघत बसते ती तिसरी. अशांना ती भिंतीकडच्या बाकावर बसवायची आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत सरळ करायची. तसा तिचा लौकिकच होता. परदेशात येऊन, चाळिशी उलटल्यावर, ती स्वतः या तिन्ही मुली एकदम झाली, आणि तिला भिंतीकडे बसवणारं तिथं कोणी नव्हतं.

कारण एकच, धाकटी. म्हणजे तिची जाऊ.

हिशेबाला धरून बोलायचं तर थोरलीचा हक्क आधीचा. नवऱ्याच्या नोकरीमागे या देशात आधी आली ती. वरच्या मजल्यावरच्या या तीन खोल्या शोधल्या तिनं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहेत आणि शनिवारी दुपारी चहा पाजून भाषा शिकवतात, हा शोधही तिचाच. शिकवणारीला बाई म्हणायचं, मग ती कुठल्या का देशाची असेना, म्हणून घरात त्यांचं नाव बाई असंच पडलं. पहिली दोन वर्षं बाईंच्या स्वयंपाकघरातल्या त्या टेबलापाशी थोरली एकटीच विद्यार्थिनी होती. मेणकापडावरच्या निळ्या चौकटी तिला तोंडपाठ होत्या. मग धाकटा दीर आला, त्याच्या मागोमाग त्याची बायको आली, आणि थोरलीनं मोठेपणाच्या भरात स्वतः तिचा हात धरून तिला खाली नेलं.

"बाई, ही माझी जाऊ. हिलाही चार शब्द शिकवा."

हे वाक्य तिनं सकाळपासून घोकलं होतं. ते बिनचूक आलं याचा तिला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता.

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. समोरची बोलताना चुकली की त्या तोंडानं काही म्हणायच्या नाहीत, चहाच्या कपावर चमचा हलकेच वाजवायच्या. टिंग. बोलणारीनं थांबायचं, चूक स्वतः शोधायची आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. थोरलीचा शनिवार म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, घरात आरती चालली आहे. ती वर आली की नवरा वर्तमानपत्राआडून विचारायचा, "प्रसाद आणलास का?"

"तुम्ही एकदा बसून दाखवा त्या टेबलावर."

"मला नको गं बाई. माझ्या ऑफिसात सगळे आकड्यांत बोलतात. आकडे कुठेही गेलं तरी तेच."

पण धाकटी बोलायला लागली की बाईंचा चमचा बशीतून उठायचाच नाही. आणि ती बोलायची तरी कशी. तीन शब्द तिकडचे, दोन मराठी, उरलेलं हातांनी. अंडी हवी होती तेव्हा तिनं दुकानात कोंबडी करून दाखवली होती, बसून, पंखांसकट, आणि हा किस्सा बाईंना सांगताना स्वयंपाकघरात पुन्हा करून दाखवला. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. "हं, मग? मग दुकानदार काय म्हणाला?" थोरलीनं मनातल्या मनात मोजलं, एवढ्या गोष्टीत निदान वीस चुका होत्या. वीस टिंगा बुडाल्या. तिला एकीचीही सूट कधी मिळाली नव्हती.

मग बारीकसारीक गोष्टी जमा होऊ लागल्या. बाईंनी धाकटीला मांजराला हात लावू दिला, ते मांजर थोरलीकडे तीन वर्षं पाठ करून बसत असे. धाकटीच्या चहात साखर बाई स्वतः घालायच्या. थोरली इथं ज्या शाळेत बदलीवर जायची तिथल्या बालवर्गात मदतनीस हवी होती, तिथं धाकटी सहज म्हणून गेली आणि कामाला लागून परत आली. गल्लीतला चावीवाला, बसवाली, कोपऱ्यावरची औषधवाली, सगळ्यांना धाकटी माहीत. परवा औषधवालीनं थोरलीला विचारलं, "तुम्ही तिच्या बहीण का?" थोरली त्या दुकानात तीन वर्षं गोळ्या घेत होती.

"तुमच्या भावाची बायको फार आगाऊ आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"परवापर्यंत ती तुझी जाऊ होती."

"जीभ नुसती मोकळी सोडलीय. अर्थाचा पत्ता नाही."

"लोकांना कळतं ना पण?"

या प्रश्नावर थोरलीनं कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, आणि त्या जरा जास्तच घट्ट घातल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण थोरलीचं एक मोठं काम अडलं होतं. शाळेत ती बदली बाई होती. कोणी आजारी पडलं की त्या वर्गावर जाऊन बसायचं आणि मुलांना गप्प ठेवायचं. अकरा वर्षं बीजगणित शिकवलेली बाई दिवसभर "शांत बसा" एवढंच म्हणत होती. स्वतःचा वर्ग हवा तर भाषेची तोंडी परीक्षा द्यायला लागायची. तीन परीक्षक समोर बसायचे आणि गप्पा मारल्यासारखं बोलायचं. संधी तीनदाच. थोरली दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळी शेरा तोच होता, 'उमेदवार बरोबर बोलतात, पण बोलत नाहीत.' वाक्य सुरू केलं की तिला कुठूनतरी टिंग ऐकू यायची. मग ती थांबायची, मागे जायची, चूक शोधायची. चूक नसायची. तोवर परीक्षक घड्याळाकडे बघत असायचे. आता शेवटची संधी उरली होती. ती गेली की निवृत्तीपर्यंत शांत बसा.

अशात एका शनिवारी बाई म्हणाल्या, "सुटी लागली की मी तलावापलीकडे ताईकडे जाणार आहे. मधली दोन-तीन वर्षं तिच्या आजारपणात गेली. या वेळी तुमच्यातली एक चला माझ्याबरोबर. पलंग एकच रिकामा आहे."

या प्रवासाची ख्याती थोरलीनं पहिल्या वर्षापासून ऐकली होती. बाईंची ताई कानानं कमी, त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर मोठ्यानं आणि सरळ बोलावं लागे. घरात भाचे, सुना, शेजारी, आणि एकालाही दुसरी कुठलीही भाषा येत नाही. मागे एक परदेशी नर्स बाईंबरोबर गेली होती, ती परत आली ती बोलतच आली आणि परीक्षेत पास झाली. एक वायरमनही तसाच. थोरली या पलंगाची तीन वर्षं वाट बघत होती.

आणि 'तुमच्यातली एक' म्हणताना बाई धाकटीकडे बघत होत्या. निदान थोरलीला तसं दिसलं.

"मी येते, मी," धाकटीनं लगेच दोन्ही हात वर केले. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी मुलगी कोण, हे थोरलीला त्या क्षणी ठरवता येईना, कारण तिचाही हात टेबलाखाली अर्धा उचलला गेला होता.

"बघू," बाई म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी थोरली गच्चीची किल्ली परत द्यायच्या निमित्तानं खाली गेली. बाई एकट्याच होत्या. किल्ली दिली, हवापाण्याचं झालं, आणि दारापर्यंत गेलेली थोरली वळून म्हणाली, "बाई, एक सांगू? तिला गाडी लागते. बसमध्ये फार त्रास होतो. बोटीत तर विचारूच नका."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "बोलली नाही कधी."

"ती कसली बोलते. हौस दांडगी."

जिना चढताना थोरलीच्या लक्षात आलं की एवढं सगळं बोलून एकदाही टिंग झाली नाही. बाईंच्या हातात चमचा नव्हता हे खरं, पण बिनचूक ते बिनचूक. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण आधी हा आनंद येऊन गेला.

पुढच्या शनिवारी बाईंनी सांगून टाकलं, थोरली येईल. धाकटीचा चेहरा एवढासा होईल म्हणून थोरलीनं कपात बघायचं ठरवलं होतं. पण धाकटी म्हणाली, "बरंच झालं, ताई. तुम्हालाच गरज आहे." आणि निघायच्या सकाळी तिनं थोरलीची बॅग भरून दिली, वर कागदाच्या पुडीत चार लवंगा ठेवल्या. "बोटीत तोंडात धरा, मळमळ होत नाही."

थोरलीनं तिच्याकडे निरखून बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मला नाही होत मळमळ."

"असू द्या. कोणाला होईल काय सांगता येतं?"

बसमध्ये खिडकीची जागा बाईंनी थोरलीला दिली. थोरलीनं मनात सात-आठ विषय तयार ठेवले होते: पीकपाणी, शाळांच्या सुट्या, बाईंच्या लहानपणचे खेळ. पहिला विषय काढायच्या आत बाई म्हणाल्या, "तुझी जाऊ असती तर एव्हाना पुढच्या बाकावरच्यांची सोयरीक जमवून झाली असती."

थोरली हसली.

पूल आला. "हा पूल तिला दाखवायला हवा होता. तिनं त्याची काहीतरी नक्कल केली असती."

"पुलाची?"

"तिचं काय सांगावं."

वाटेत एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन चढली, आणि मग तर विचारायलाच नको. बाई स्वतःशीच हसायला लागल्या, शेजारच्या प्रवाशाला त्यांनी अंड्यांचा किस्सा पहिल्यापासून सांगितला, तोही हसला. थोरलीला एक-एक शब्द समजला. अडखळायला झालं नाही, मनात मराठी करून घ्यावं लागलं नाही. इतकी स्पष्ट ती भाषा तिला याआधी कधी कळली नव्हती, आणि त्यात सगळं कौतुक धाकटीचं.

तलावाकाठी पोचल्यावर कळलं, वारा फार आहे, बोट उशिरा सुटेल. धक्क्यावर एक चहाचं दुकान होतं, पत्र्याचं, आत चार टेबलं. चहा आला. बाईंनी चमचा बशीत ठेवला, काचेतून लाटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बिचारी. एवढ्या हौशी पोरीला नेमकी गाडी लागावी."

"तिला गाडीबिडी काही लागत नाही," थोरली म्हणाली.

बाईंनी मान वळवली.

"मी खोटं सांगितलं. तिला बैलगाडीत बसवा नाहीतर विमानात, खाऊन-पिऊन गाणी म्हणत जाते. मला यायचं होतं म्हणून मी तसं सांगितलं. आणि का नाही सांगायचं? तीन वर्षं मी तुमच्याकडे शिकतेय. एक शनिवार चुकवला नाही, ताप असताना आलेय. मी तोंड उघडलं की टिंग. श्वास घेतला की टिंग. ती येते, तोंडाला येईल ते बोलते, कोंबडी होते, आणि तुम्ही हसता. तिला एकदा तरी वाजवलंत? एकदा? तिच्या चहात साखर घालता. माझ्या चहात कधी घातलीत? मी साखर घेते की नाही हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला? माझी परीक्षा आहे, शेवटची, आणि तुम्ही सकाळपासून मला तिचंच पुराण ऐकवताय. मग तिलाच आणायचं होतं. सांगायचं होतं मला, तू रहा घरी, पुसत बस फळा."

दुकानवाली टेबल पुसता पुसता थांबली होती. पलीकडच्या टेबलावरचे दोन खलाशी चहात बघत होते, पण कान इकडे. बाईंचा चमचा बशीत तसाच पडून होता.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"चमचा वाजवायला मला तूच सांगितलंस."

"मी?"

"पहिल्याच दिवशी. 'माझी एकही चूक सोडू नका, बाई.' केवढं ठासून म्हणालीस. आणि तुझी जाऊ म्हणाली, 'मला मध्ये थांबवू नका, मी काय सांगत होते ते विसरते.' मी आयुष्यभर शिकवलंय. ज्यानं जे मागितलं ते त्याला देते. तुला कंटाळा आला होता तर सांगायचंस."

वर्गात थोरली स्वतः असंच वागत आली होती. जास्तीचं गणित मागणाऱ्याला जास्तीचं गणित.

"आणि गाडीचं म्हणशील," बाई पुढे म्हणाल्या, "तर मी तिला विचारलं होतं. खात्री करून घेतली. ती म्हणाली, हो, फार लागते. पोट धरून ओकूनसुद्धा दाखवलं. इतकं हुबेहूब, की मी तिला पाणी दिलं."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. माणसं उठली, बॅगा उचलल्या गेल्या. थोरली बसूनच होती. म्हणजे धाकटीला कळलं होतं. खालून प्रश्न आला तेव्हाच कळलं होतं की हा कुठून आला, आणि तिनं एक शब्द न बोलता पलंग सोडून दिला, वर लवंगा दिल्या. आत्तापर्यंत थोरलीनं सगळं बारकाईनं मांडून ठेवलं होतं, बोलण्यात धाकटी पुढे, ओळखीपाळखीत ती पुढे, बाईंच्या मायेत ती पुढे. एका गोष्टीत मात्र आपण थोरल्या, असं तिचं होतं. समजूतदारपणात. आता तोही गेला.

"साखर," बाई उठता उठता म्हणाल्या. "घेतेस की नाही तू?"

"एक चमचा."

"तीन वर्षं बिनसाखरेचा प्यायलीस? कमाल आहे तुझी."

ताईकडचे दिवस मोठ्या आवाजात गेले. ताईला ऐकू जावं म्हणून थोरली सुरुवातीला एकेक वाक्य नीट बांधून ओरडायची, पण ओरडताना बांधलेलं सुटायचं आणि जे उरेल तेच बोलायचं. ताईनं पहिल्याच जेवणाला विचारलं, "घरी कोण कोण असतं?" थोरलीनं सांगायला सुरुवात केली. नवऱ्यावर दोन वाक्यं झाली. मग जाऊ आली, आणि ताटं उचलली गेली, भांडी घासून झाली, तरी जाऊ संपली नव्हती. भाच्यांच्या बायका हात पुसत येऊन बसल्या, कारण जावा त्यांनाही होत्या.

परत आल्यावर स्टॉपवर धाकटी उभी होती. बाईंची पिशवी तिनं आधी घेतली, मग थोरलीची. बाई पुढे गेल्यावर थोरलीनं विचारलं, "तू हो का म्हणालीस?"

"कशाला?"

"गाडी लागते म्हणून."

धाकटी चालत राहिली. "ताई, बाईंनी विचारलं तेव्हाच कळलं हे कोणाच्या डोक्यातून आलंय. म्हटलं, एवढी घाई झाली असेल तर जाऊ दे. माझी कुठं शेवटची परीक्षा आहे? मी तर फॉर्मसुद्धा पुढच्या वर्षी भरणार." मग पिशवी एका हातातून दुसऱ्यात घेत म्हणाली, "आणि खरं सांगू का, त्या बहिऱ्या आजीबाईंशी दिवसभर ओरडत बसायचं माझ्या जिवावरच आलं होतं."

हे खरं, की थोरलीचं ओझं हलकं करायला म्हटलेलं, हे काही थोरलीला कळेना. तेही तिला जरा लागलंच. चूक झाली असं मराठीत म्हणायला तिची जीभ उचलेना, थोरलेपण आड आलं. म्हणून तिनं ते तिकडच्या भाषेत म्हटलं. धाकटीनंही त्याच भाषेत उत्तर दिलं, असू द्या, विसरून जा. त्या एवढ्याशा उत्तरात दोन चुका होत्या. थोरलीनं त्या ऐकल्या, आणि तिला बरं वाटलं.

परीक्षेला तेच तीन परीक्षक होते. मधल्यानं चष्मा पुसत विचारलं, "घरातल्या एखाद्या माणसाबद्दल सांगा."

थोरलीनं सांगितलं. तिला मध्ये एकदा टिंग ऐकू आल्यासारखं वाटलं, पण ती अशी रंगात आली होती की तिनं त्या टिंगेवरूनच पुढचं सांगितलं. डावीकडची परीक्षक बाई कोंबडीपाशी हसली आणि ओकण्यापाशी तिनं पेन खाली ठेवलं. वेळ संपल्याचं दोनदा सांगावं लागलं. "पण मग जाऊ काय म्हणाली?" असं मधल्यानं विचारलं, ते बहुधा परीक्षेत धरायचं नव्हतं.

निकाल आला तेव्हा धाकटीनं थोरलीला मिठीच मारली. "कशावर बोललात, ताई?"

"तुझ्यावर."

"चांगलं सांगितलंत ना?"

"पास झाले ना? मग चांगलंच असणार."

त्या शनिवारी दोघी खाली गेल्या. बाईंनी थोरलीच्या कपात साखर घातली, ढवळून दिली. पुढच्या वर्षी धाकटीची परीक्षा, तर तिची तयारी आता कोणी घ्यायची, असा विषय निघाला. बाई म्हणाल्या, माझं आता वय झालं, आणि हिला थांबवायचं नाही असा माझा शब्द आहे.

"मग ताईच घेतील," धाकटी म्हणाली. "घ्याल ना, ताई? तुमच्याइतकं बरोबर कोण बोलतं?"

"घेईन की," थोरली म्हणाली. "पण मी सोडणार नाही हं. एकही चूक."

"नका सोडू."

थोरलीनं खुर्ची पुढे ओढली. बाईंच्या बशीतला चमचा उचलून स्वतःच्या कपाशी धरला. धाकटीनं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि तिकडच्या भाषेत एक वाक्य म्हटलं. छोटंसं, सोपं, स्वतःची ओळख करून देणारं. वाक्य अगदी बिनचूक होतं.

टिंग.

धाकटी थांबली. मनात मागे गेली, ओठ हलवून शब्द तपासले. "कुठं चुकलं?"

"चुकलं नाही," थोरली म्हणाली. "घाई फार करतेस. पहिल्यापासून म्हण."